गाठीची वायर

४ जानेवारी

चि. प्रोफेसरांस,

आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून देते. त्यापलीकडे त्यात काही शोधत बसू नकोस.

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी तुला तीन ओळी सुचल्या. 'अप्पांची तब्येत बरी नाही असं कळलं. एकदा येऊन भेटावं म्हणतो. तुझी हरकत नसावी.' कुणाकडून कळलं ते लिहायचं टाळलंस, पण मला ते कळायला तुझ्याइतकं शिक्षण लागत नाही. बेकरीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तर माझी हरकत आहे. येऊ नकोस.

एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही. लहानपणीसुद्धा 'नाही' म्हटलं की 'का' विचारत मागे मागे फिरायचास. म्हणून का तेही लिहिते. अप्पांचं हृदय थकलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळा काढला तर नशीब. अशा माणसासमोर तू जाऊन उभा राहणार आणि काय करणार? त्यांना तुझं तोंड दिसायचं नाही. दिसत का नाही, ते तुला माहीत आहे.

विद्वानांना सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून आठवण करून देते. बेकरीवाल्याची गाडी आपल्या दुकानासमोर बंद पडली होती. सकाळचे आठ, पाव आत, आणि तो घायकुतीला आलेला. आदल्या दिवशी चार्ज करून ठेवलेल्या बॅटऱ्यांतली एक तू उचललीस आणि दोन वायरी घेऊन ती गाडीच्या बॅटरीला जोडायला गेलास. प्लसला प्लस, मायनसला मायनस. बॅटरीवर मोठ्या अक्षरात खुणा असतात. अप्पा नेहमीसारखे बॅटरीवर वाकून कान देत होते. आतले बुडबुडे ऐकून ते बॅटरी भरली की नाही ते सांगायचे. तू शेवटचा क्लॅम्प टेकवलास. ठिणगी उडाली, झाकण फुटलं आणि आतलं ॲसिड अप्पांच्या डोळ्यांत गेलं.

बादलीतलं पाणी मी मारलं. तू हातात क्लॅम्प धरून 'मी बरोबर लावलं होतं, मी बरोबर लावलं होतं' असं घोकत उभा होतास. बाप ओरडत होता आणि हे महाशय आपला पेपर बरोबर सोडवल्याचं सांगत होते. तेव्हा मला तुझी जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

बॅटरीचं दुकान मी चालवते. घर वर आहे, सतरा पायऱ्या. रोज सकाळी अप्पांना हाताला धरून उतरवते, संध्याकाळी चढवते. तू वर्गात फळ्यावर बॅटरी काढतोस असं ऐकलं. काढ. फळ्यावरची फुटत नाही.

ताई

२३ जानेवारी

प्रोफेसरसाहेब,

तुझं सहा पानी पत्र मिळालं. दोन आकृत्याही मिळाल्या. आकृत्या छान आहेत. कोपऱ्यात नाव घालून कुठे तरी लाव.

म्हणजे तुझं म्हणणं असं, की तू क्लॅम्प खुणेप्रमाणेच लावलेस, पण बॅटरीच उलटी झालेली होती. अगदी मेलेली, महिनोन् महिने पडून राहिलेली बॅटरी उलट्या वायरींनी चार्ज केली तर तिचा प्लस मायनस होतो आणि मायनस प्लस. वरच्या खुणा मात्र जुन्याच राहतात. तेव्हा दोष तुझा नाही. अकरा वर्षं तू यावर डोकं चालवलंस आणि शेवटी गुन्हेगार सापडला, तो बॅटरी. अभिनंदन.

मला बॅटरी शिकवू नकोस. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी प्लेटा धुते आहे. मेलेली बॅटरी उलटी होते हे मला माहीत आहे.

तू विचारतोस, चार्जरच्या वायरी कुणी तपासल्या होत्या का. अरे, अप्पांचा चार्जर तो. त्यांनी स्वतः बांधलेला. दोन्ही वायरी काळ्या, एकाच गुंडाळीतल्या, आणि प्लसच्या वायरीला क्लॅम्पपासून वीतभर अंतरावर गाठ. रंग ॲसिडने उडतो, गाठ राहते, म्हणून गाठ. त्या गाठीवरही त्यांचा विश्वास नसायचा. अर्धा कापलेला बटाटा फळीवर असायचा, त्यात दोन्ही वायरींच्या तारा खुपसायच्या, ज्या तारेभोवती हिरवं धरेल ती प्लस. चाळीस वर्षं त्या बटाट्याने दगा दिला नाही. तो बटाटा आदल्या दिवशी सकाळी कुणी फेकला? तू. 'वास मारतोय, आणि मी मीटर आणलाय.' तुझ्या मीटरच्या पोटातला सेल दोन दिवसांपूर्वीच मेला होता, आणि दुसरा आणायला आपले पाय दुखत होते. म्हणजे दुकानात बटाटा नाही आणि मीटर मुका. हे सगळं तुझ्या सहा पानांत कुठे आलं नाही.

तुझी अक्कल पाजळायची सवय जुनीच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आलास तेव्हा कामाच्या टेबलाशी उभा राहून अप्पांना काय ऐकवलंस? 'करंट प्लसकडून मायनसकडे जातो असं आपण म्हणतो, पण वायरीत जे खरंच सरकतं ते मायनसकडून प्लसकडे जातं.' त्या माणसाने जन्मभर भिंतीवर, चार्जरवर, लाकडी खोक्यांवर बाण काढले होते, सगळे प्लसकडून निघालेले. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, 'मग माझे सगळे बाण उलटे?' तू हसलास. म्हणालास, 'राहू द्या बाण. ज्यांनी पहिल्यांदा ठरवलं त्यांनी अंदाजाने ठरवलं, आणि तो अंदाज चुकला. पण पुढे सगळ्यांनी तीच दिशा धरली, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. दिवा लागतो.'

अप्पांना ते इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला धरून ऐकवलं. मला तेव्हाच राग आला होता. चूक करायची, ती सगळ्यांनी मिळून करायची आणि वर दिवा लागतो म्हणून मिरवायचं.

आणि हो, त्या दिवशी चार्जरवर आणखी काय होतं ते मला आठवत नाही. दूधवाल्याची बॅटरी होती की नव्हती, कोण लक्षात ठेवतं?

येऊ नकोस. हे दुसऱ्यांदा.

ताई

९ फेब्रुवारी

तू अप्पांना वेगळं पत्र लिहिलंस. मला ओलांडून. लाज कशी वाटली नाही? आंधळ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे ते वाचून कोण दाखवणार हे ठाऊक होतं, म्हणजे ते मलाच ऐकवायला लिहिलंस. चलाख झालास. बायकोने शिकवलं असेल.

वाचून दाखवलं. ते दुकानात आपल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते, मांडीवर भंगाराची पेटी. आता ते तेच काम करतात, जुन्या वायरींतून तांबं वेगळं काढायचं, बोटांनी. मी तुझी मुलगी शाळेत जाते तो भाग वाचला. तुझी नोकरी, तुझा खोकला, सगळं वाचलं. शेवटी 'नमस्कार' म्हटलं आणि कागदाची घडी केली.

अप्पा म्हणाले, 'मागची बाजू?'

'मागे काही नाही,' मी म्हटलं.

'कागद उलटवल्याचा आवाज आला नाही. न उलटवताच तुला कळलं?'

या घरात डोळे त्यांचे गेले, पण लाज लपवायची सोय माझी गेली. मागच्या बाजूला काय होतं ते तुला माहीत आहे. 'अप्पा, मी क्लॅम्प बरोबर लावले होते. तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल, पण एकदा माझ्या तोंडून ऐकून घ्या.' मी वाचलं. गिऱ्हाइकाला दर सांगावा तशा आवाजात वाचलं. अप्पा हातातली वायर सोलत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, 'अक्षर अजून बारीकच आहे का त्याचं?'

बघितलंस? तुझ्या एवढ्या रडगाण्यावर त्यांनी अक्षराची चौकशी केली. यावरून तुझी किंमत ओळख.

आणि माझ्या पत्रातला दूधवाला तू कसा बरोबर पकडलास. 'दूधवाल्याची बॅटरी त्याच चार्जरवर, त्याच माळेत जोडलेली होती का? तिचं पुढे काय झालं?' वकील व्हायचास, फुकट मास्तर झालास. दूधवाल्याचं काही झालेलं नाही. गोठ्यात दिवा लावायला त्याला बॅटरी लागायची, दिवा लागला, तो खूश.

अप्पांना परवा जिन्यात धाप लागली. नवव्या पायरीवर बसून राहिले. मी पाणी आणायला वर पळाले तर म्हणाले, 'घाई नको करूस. मी कुठे जातोय.' तुला हे सांगायचं कारण नाही. सांगितलं, एवढंच.

ताई

१ मार्च

तुझं पत्र आलं नाही. तीन आठवडे झाले. रुसलास का? रुसायचा हक्क या घरात माझ्या एकटीचा आहे.

की मला ओळखतोस म्हणून गप्प बसलास? मी बोलायला लागले की तू मधे बोलायचास आणि मग मी थांबायचे. या वेळी तू मधे बोलला नाहीस. म्हणून हे पत्र फुटतंय.

घे. तुला हवं होतं ते.

आदल्या दिवशी चार्जरच्या वायरींची टोकं ॲसिडने खाऊन पांढरी पडली होती. मी दोन्ही वायरी वीत-दीड वीत कापल्या, म्हणजे कुजलेला भाग गेला आणि त्याबरोबर अप्पांची गाठही गेली. नवे क्लॅम्प बसवले. मग खाली दोन काळ्या वायरी पडलेल्या, दोन्ही सारख्या. कुठली प्लसची ते मला माहीत होतं, कापताना डाव्या हाताला होती ती. तेवढ्यात बेकरीवाल्याने हाक मारली, मी उठले, परत येऊन दुसऱ्या बाजूला बसले. डाव्या हाताला होती तिला गाठ मारली. मी डावखुरी, डावी बाजू मला नेहमी आपली वाटते.

मनात शंका आली होती, हे लिहितेच. बटाटा बघायला फळीकडे हात नेला. फळी रिकामी. तुझा मीटर उचलला, मुका. वर स्वयंपाकघरात पिशवीभर बटाटे होते. सतरा पायऱ्या. मला जिना चढायचा कंटाळा आला. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं करतेय, चुकेन कशी?

दोन बॅटऱ्या लावल्या, एकामागे एक जोडून. दोन्ही मेलेल्या. एक दुकानातली, एक दूधवाल्याची. चार्जरचा काटा नेहमीपेक्षा पुढे गेला. वाटलं, उपाशी बॅटरी जरा जास्त खाते. संध्याकाळपर्यंत त्या भरल्या. उलट्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली एक तू उचललीस. खुणेप्रमाणे लावलीस. तू बरोबर लावलं होतंस.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आईची शपथ, नव्हतं. मी तुला घराबाहेर काढलं तेव्हा खरंच तुझी किळस वाटत होती. अप्पा दवाखान्यात, तू दारात पिशवी घेऊन उभा, आणि मी म्हटलं, 'त्यांच्या डोळ्यांवर पट्टी आहे तोवर जा, म्हणजे त्यांना तुझं जाणं तरी बघावं लागणार नाही.' काय बोलले मी. पाठ केल्यासारखं आठवतंय.

तू गेल्यावर आठव्या दिवशी दूधवाला आला. म्हणाला, 'ताई, बॅटरीवर दिवा झकास लागतो, पण रेडिओ लावला तर धूर आला.' दिव्याला काय, कुठूनही करंट येवो, तो लागतो. रेडिओला दिशा लागते. मी बॅटरी काउंटरवर घेतली, वरून बटाटा आणला. त्या दिवशी मात्र सतरा पायऱ्या धावत चढले. मायनसची खूण होती त्या बाजूची तार हिरवी झाली.

दूधवाल्याला नवी बॅटरी दिली आणि म्हटलं, रेडिओच जुना होता तुझा. शटर ओढलं. माझी गाठ सुटेना, इतकी आवळलेली, म्हणून गाठीच्या वरून वायर कापून तो तुकडा भंगारात टाकला. क्लॅम्प परत बसवला. प्लसच्या वायरीला नवी गाठ मारली. मग वर जाऊन भात लावला.

तुझा पत्ता होता माझ्याकडे. एक ओळ पुरली असती. लिहिली नाही. आधी वाटलं, अप्पा घरी आले की सांगू. मग वाटलं, जरा सावरू देत. मग एक वर्ष झालं, आणि वर्षानंतर सांगायचं म्हणजे वर्षाचाही जबाब द्यायचा. तुझ्यावर जितकं खापर फोडलं तितकं ते खरं वाटायला लागलं. वीजमंडळातल्या लाइनमनने मला दोनदा मागणी घातली, मी दोनदा म्हटलं, 'अप्पांना कोण बघणार?' लोक म्हणाले, मुलगी असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. त्यांना वाटायचं विनय आहे.

आता तरी खूश? मी तुझी इतकी वर्षं निर्भर्त्सना केली, ती सगळी माझ्याच मापाची होती. तुला ढगळ झाली असेल.

तरीही येऊ नकोस. अप्पांना हे माहीत नाही. त्यांच्या हृदयाला हे झेपायचं नाही. ते गेल्यावर जे बोलायचं ते बोल, गल्लीत उभं राहून बोल.

ताई

११ मार्च

कालची गोष्ट. अप्पांना ताप होता. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले, म्हणून त्यांच्या खणात शोधत होते. कागदांखाली चष्म्याची डबी. मनात आलं, आंधळ्या माणसाला चष्म्याची डबी कशाला, आणि उघडली.

आत चष्मा नव्हता. वायरीचा वीतभर तुकडा होता, काळा, मधे गाठ.

मी ती गाठ ओळखली. तुला माहीत आहे माझी गाठ, उलट्या बाजूला वळते. शाळेत तुझ्या बुटाच्या नाड्या मी बांधायचे तर तुला त्या सुटायच्या नाहीत आणि तू वर्गात रडायचास.

मी डबी नेऊन त्यांच्या हातात दिली. म्हटलं, 'हे काय आहे?'

त्यांनी उघडलीसुद्धा नाही. 'सापडली का?' म्हणाले.

'कधीपासून?'

'दवाखान्यातून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी. चार्जरला हात लावून बघितला. मायनसची वायर वीतभर तोकडी. तोकडी का, म्हणून भंगाराच्या पेटीत हात घातला.' मग म्हणाले, 'गाठ मायनसला होती तर.'

मी पलंगाच्या कडेवर बसले. विचारलं, 'मग त्याला का हाकललंत?'

'मी नाही हाकललं. तू हाकललंस. मी परत बोलाव म्हटलं नाही, एवढंच.'

'का?'

तुझे अप्पा किती सरळ बोलतात ते तुला माहीत आहे. पाणी मागावं तसं म्हणाले, 'तो कुठेही पोट भरेल, शिकलेला आहे. तुला खरं बोलायला लावलं असतं, तर तू त्याच्यासमोर उभी राहिली नसतीस. निघून गेली असतीस. मग मला जिना कोण उतरवणार होतं?'

मी उठून गेले नाही. तेव्हा त्यांना वाटलं मला पटलं, आणि वर आणखी म्हणतात, 'त्यानेच सांगितलं होतं ना? सगळ्यांनी एकच दिशा धरली की कुणाचं काही अडत नाही.'

तुझंच वाक्य. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं आणि त्यावर घर चालवलं.

मला वाटत होतं मी शिक्षा भोगतेय. सकाळ-संध्याकाळ सतरा पायऱ्या, त्यांची औषधं, त्यांची अंघोळ, लाइनमनला नकार, सगळं मी मनातल्या मनात फेडत होते. आणि ज्याच्यासाठी फेडत होते तो माणूस समोर बसून वायरी सोलत होता. सगळं माहीत असून. माझ्या घाबरटपणावर त्याने स्वतःची काठी बेतून घेतली. आणि त्यासाठी तुला विकलं. मी एकटी नीच आहे असं समजत होते. आपलं घराणंच तसं निघालं.

मी त्यांना म्हटलं, 'अप्पा, तुम्ही फार वाईट माणूस आहात.'

ते म्हणाले, 'हो.' मग म्हणाले, 'त्याला बोलाव. मला सांगायचंय त्याला. तू लिहून नको सांगूस, मी सांगेन.'

उशीर झालाय, तुला मी आधीच लिहिलंय, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांचं एक तरी काम त्यांना करू दे. तू ऐकताना नव्याने ऐकतोय असं दाखव. तेवढा अभिनय मास्तरांना येतो.

डबी त्यांच्याकडेच आहे. मी मागितली नाही.

ताई

१७ मार्च

चि. भावास,

तुझी तार मिळाली. रविवारी दुपारी सव्वादोनच्या बसने येतोयस. ठीक.

आता कामाचं ऐक. अप्पांच्या गोळ्या खिडकीतल्या स्टीलच्या डब्यात आहेत, सकाळच्या वरच्या कप्प्यात, रात्रीच्या खालच्या. जिना उतरवताना तू एक पायरी पुढे राहायचं, हात त्यांनी तुझ्या खांद्यावर ठेवायचा. नवव्या पायरीवर थांबायचं. त्यांनी थांबायचं नाही म्हटलं तरी थांबायचं. चहा कोमट देऊ नकोस, शिव्या खाशील. दुकानाच्या किल्ल्या बेकरीवाल्याकडे ठेवते आहे.

बेकरीवाल्याला मी सांगितलं. सगळं, गाठीपासून. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही याचा पहिल्यांदाच उपयोग झाला, संध्याकाळपर्यंत गल्लीत कुणाला कळायचं राहिलं नाही. कोपऱ्यावरचा शिंपी माझ्याशी बोलत नाही. दूधवाला मात्र आला होता, रेडिओचं विचारायला. त्याला नवा आणून दिला. तुला आता गल्लीतून मान वर करून चालता येईल. उगाच जास्त वर करू नकोस, गटाराचं झाकण फुटलंय.

चार्जरवर काम करशीलच, तुझ्याने राहवणार नाही. मीटर आणू नकोस. फळीवर बटाटा ठेवलाय, ताजा. गाठ प्लसलाच आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बघून घे.

मी घरी नसेन. तू ज्या बसने येतोस तीच पुढे जाते, तिने मी निघणार आहे. बालमैत्रिणीकडे चाललेय. तिचं घर तळमजल्यावर आहे. चार दिवसांसाठी म्हणून अप्पांना सांगितलंय. ते म्हणाले, 'चार म्हणजे किती?' मी म्हटलं, 'बघू.' तुझी इतकी वर्षं बाहेर गेली, माझी आत. आता थोडे दिवस अदलाबदल.

पळून चाललीय असं म्हणशील. म्हण. पण तुझ्या समोरून जाणार आहे, मागच्या दाराने नाही. मी थांब्यावर उभी असेन, हिरव्या पत्र्याच्या पेटीपाशी. केस पांढरे झालेत, ओळखायला वेळ लागेल, तेव्हा उतरल्यावर इकडेतिकडे बघत वेळ काढू नकोस. बस तिथे पाच मिनिटं थांबते. त्या पाच मिनिटांत तुला माझ्याबद्दल जे बोलायचं असेल ते बोल, तोंडावर बोल. मी ऐकून घेईन, मधे एक शब्द बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बोलणार नाही, तेव्हा काय बोलायचं ते गाडीत ठरवून ये.

ताई